किख्ख

“किख्ख!” नर्मीन म्हणाली आणि तिने लमारची मूठ आपल्या वडिलांच्या अंगठ्यावरून सोडवून घेतली.

मूठ सहज सुटली नाही. वर्ष-सव्वा वर्षाच्या पोरीच्या अंगात जोर तो किती, पण एकदा धरलं की धरलं. नर्मीनने तिचं एकेक बोट उकललं, ओल्या रुमालाने पुसलं, नखांच्या कडाही पुसल्या. समोर खुर्चीच्या टोकावर बसून उस्ता मआती ते पाहत होते. रिकामा झालेला हात त्यांनी आधी गुडघ्यावर ठेवला, मग तिथूनही उचलला आणि पायघोळ गलाबियाच्या खिशात घातला.

“धुऊन आलोय गं,” ते म्हणाले. “आधी रॉकेलनं, मग साबणानं.”

“माहीत आहे बाबा. पण ती बोटं तोंडात घालते ना.”

“हो, ते खरं.”

उस्ता मआतींचं उभं आयुष्य मिसरमधल्या दमियातच्या लाकडी सामानाला पॉलिश करण्यात गेलं होतं. पलंग, आरसे, दिवाणखान्याच्या खुर्च्या. शहरातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचा संसार त्यांच्या हाताखालून चकाकत बाहेर पडला होता. चपडा लाख, स्पिरिट आणि अक्रोडी रंग त्यांच्या कातडीत असा मुरला होता, की धुऊन निघण्यासारखं त्यात आता काही राहिलंच नव्हतं. तो त्या हातांचाच रंग होता. मनगटाच्या वर एक माणूस आणि मनगटाखाली दुसराच, अशी नर्मीनची आई जिवंत होती तोवर त्यांची चेष्टा करायची.

दर शुक्रवारी नमाज आटोपला, की ते जुन्या गावातून मायक्रोबसने लेकीकडे नव्या दमियातला येत. चहा घेत, नातीला डोळे भरून बघत आणि सूर्य कलायच्या आत परत जात. जेवायला थांबा म्हटलं, तर कारखान्यात पहिला हात मारलेला पलंग वाळत ठेवलाय, असं काहीतरी सांगत.

नर्मीनने बालवाडीचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. लमार झाल्यावर तिने नोकरी सोडली, पण डोळे काही नोकरीवरून उतरले नाहीत. पोर काय बोलते याकडे तिचं जितकं लक्ष असे, तितकं ओट्यावरच्या दुधाकडे कधी नसायचं. ते बिचारं रोज उतू जाई. आणि पोर होतीच तशी. पाण्याला उम्बू म्हणायला शिकली, ती नुसती पाण्यापाशी थांबली नाही. पेला उम्बू, नळ उम्बू, आणि एके सकाळी गच्चीवरून दूरवर चमकणाऱ्या नदीच्या पट्टीकडे बोट करून ती म्हणाली, “उम्बू!” नर्मीनच्या अंगावर काटा आला. नदी आणि पेला एकच, हे तिला कोणी सांगितलं होतं?

“ती नावं शिकत नाही रे,” तिने रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सांगितलं. “ती ढीग लावते. या वस्तू या ढिगात, त्या त्या ढिगात. शब्द म्हणजे ढिगावर ठेवलेला दगड.”

“आणि मी कुठल्या ढिगात?” वाइलने विचारलं.

“तू बाबा. पण काल कूरियरवाल्यालाही बाबा म्हणाली.”

“छान. इज्जतीचा पंचनामा घरातच.”

नवीन शब्द आला, की नर्मीन मोबाइलवर त्याचं चित्रण करी आणि घरच्या ग्रुपवर टाकी. वाइलचे वडील, उस्ताज रशवान, शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. ते लगेच शाबासकी लिहीत. उस्ता मआतींकडे साधा फोन होता. त्यांना ती शुक्रवारी दाखवायची.

किख्ख हा शब्द लमारने उचलला तेव्हा त्यात नवल काहीच नव्हतं. मिसरमधल्या कुठल्याही घरात रांगतं पोर असेल तर तो दिवसाकाठी कितीदा ऐकू येतो, विचारू नका. चपलेला हात लावला, किख्ख. मांजराच्या बशीला लावला, किख्ख. घाण आहे, टाक, लांब हो, हे सगळं त्या एका खाकरण्यात आलं. नवल होतं ते वेगळंच. लमार चपलेला किख्ख म्हणत नव्हती. चप्पल ती खुशाल चाटायची.

ती किख्ख म्हणे आपल्या पाळण्याच्या कठड्याला. गाल टेकवून, हळू आवाजात, लाडाने. मग कपाटाला. मग एकदा बंद दाराला, आणि नंतर दाराशी बसून राहिली.

नर्मीनने दोन दिवस विचार केला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाळणा तपकिरी, कपाट तपकिरी, दारही तपकिरी. पोर रंग ओळखायला लागली होती! एवढ्या वयात! तिने ग्रुपवर लिहून टाकलं, की लमार तपकिरी रंगाला किख्ख म्हणते. उस्ताज रशवानांनी उत्तर दिलं, की ही मुलगी आपल्या खानदानावर गेली आहे.

पण पोरीने आईला तोंडावर पाडलं. तपकिरी बूट दाखवला, ढिम्म. चॉकलेट दाखवलं, “मम्म!” चहाकडे तर तिने पाहिलंही नाही. ढीग रंगाचा नव्हता.

मग एका दुपारी नर्मीन तिला कडेवर घेऊन गच्चीत कपडे वाळत घालत होती. खाली मायक्रोबस थांबली आणि एक म्हातारा उतरला. करडा गलाबिया, विणलेली टोपी, दोन्ही हात पाठीमागे. लमारने कडेवरूनच अशी उसळी मारली, की नर्मीनच्या हातातला चिमटा खाली पडला.

“किख्ख! किख्ख! किख्ख!”

म्हाताऱ्याने वर पाहिलं. तो कोणी दुसराच होता. लमारचे वर केलेले हात तसेच राहिले. तिने आईकडे तोंड वळवलं आणि सूर उंचावून विचारलं, “किख्ख?”

पोरीने आयुष्यात विचारलेला तो पहिला प्रश्न होता. एरवी नर्मीनने घर डोक्यावर घेतलं असतं. ती ओले कपडे तसेच टाकून आत आली आणि पाळण्याजवळ खाली बसली. पाळणा बाबांनी पॉलिश केलेला. कपाट बाबांनी पॉलिश केलेलं, तिच्या लग्नातलं; उघडलं की अजून चपड्याचा वास येतो. आणि दार, ज्यातून ते शुक्रवारी येतात. तो ढीग तिने स्वतःच्या डोळ्यांनी एकेक वस्तू घालून वाढताना पाहिला होता, आणि त्याच्या मधोमध आपला बाप उभा आहे हे तिला दिसलं नव्हतं.

ते जवळ आले की आई म्हणते किख्ख. त्यांचा हात धरला की आई म्हणते किख्ख. कुठल्याही शहाण्या मुलीने यातून हेच समजायचं, की या माणसाचं नाव किख्ख आहे.

स्पिरिट असतं, रसायनं असतात, ही कारणं नर्मीनला तोंडपाठ होती. पण डॉक्टरने तिला कधीच सांगितलं होतं, की वाळलेल्या पॉलिशने काही होत नाही. पहिल्यांदा आपण हा शब्द बाबांच्या हाताबद्दल कधी काढला, हे तिला आठवलं, आणि ते न आठवतं तर बरं झालं असतं. लमारच्या बारशाच्या दिवशी; तिकडे ते सातव्या दिवशी करतात. सासूबाई, हाजा इज्लाल, शेजारच्याच खुर्चीवर होत्या. बाबांनी सात दिवसांच्या त्या गोऱ्यापान पोरीच्या कपाळावर हात ठेवला, सासूबाईंची नजर त्या हातावर गेली, आणि नर्मीन हसत हसत पोरीच्या आजोबांना म्हणाली होती, “किख्ख गिद्दू, किख्ख!” सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. बोलण्याची वेळच नर्मीनने त्यांच्यावर येऊ दिली नव्हती.

तिच्या लग्नात वाइल गमतीने म्हणाला होता, तुझे वडील उस्ता, म्हणजे कारागीर, माझे उस्ताज, म्हणजे शिकलेले साहेब, एका अक्षराचा तर फरक. वाइलला ते अक्षर कधी दिसलंही नाही. नर्मीनला त्यावाचून दुसरं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने शिकवणी लावली. मोबाइलवर उस्ताज रशवानांचा फोटो काढून ती म्हणाली, “हे कोण? गिद्दू.”

“दिद्दू,” लमार म्हणाली.

मग आपल्या वडिलांचा फोटो काढला. “आणि हे? हे पण गिद्दू.”

लमारने फोटोवर तळहात ठेवला. “किख्ख.”

“नाही गं राणी. गिद्दू. गिद्-दू.”

लमार तिच्याकडे अशा नजरेने बघत राहिली, जणू आईचंच काहीतरी चुकत होतं. मग समजूत घालावी तशी सावकाश म्हणाली, “किख्ख.”

गुरुवारी संध्याकाळी नर्मीनने वडिलांना फोन केला.

“बाबा, लमारला सर्दी झालीय. या शुक्रवारी नका येऊ. तुम्हाला उगाच लागायची.”

“ताप आहे का?”

“नाही, नाही. नुसती सर्दी.”

“मग कांदा भाजून उशाशी ठेव. तुझी आई ठेवायची.” पलीकडे पॉलिशपेपर लाकडावर फिरत होता, तो थांबला. “काही नवीन बोलते का?”

“नाही,” नर्मीन म्हणाली. “काही नाही.”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण त्याचबरोबर, एक आठवडा मिळाला, असंही वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठवड्याभरात एक शब्द जाऊन दुसरा येणं अवघड नव्हतं. पोरं रोजच शब्द टाकतात आणि उचलतात.

लमारने तो टाकला नाही. उलट त्या शुक्रवारी दुपारभर ती दाराशी बसली, आणि संध्याकाळी दारावर चापट्या मारून रडली.

पुढच्या शुक्रवारी सगळंच नर्मीनच्या हातून गेलं. वाइलने आईवडिलांना जेवायला बोलावलं, आणि तिला न विचारता उस्ता मआतींनाही. “बिचारे कायम चहावर जातात,” तो म्हणाला. “आज बदक करतोय आपण. जेवल्याशिवाय सोडायचं नाही.” यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? नर्मीनने बदकात कांद्याचा मसाला भरला, पोट दोऱ्याने शिवलं, आणि शिवताना दोनदा बोटात सुई टोचून घेतली.

सासूसासरे आले. हाजा इज्लालनी सोफ्यावर बसून लमारला मांडीवर घेतलं, तिच्या कानातले डूल नीट केले. “काय गं, काय काय बोलतेस? तपकिरी दाखव बरं कुठंय?”

“ते ती विसरली, तांत,” नर्मीन घाईने सासूबाईंना म्हणाली.

“इतक्यात?” उस्ताज रशवान नाराज झाले. “रोज घोटून घ्यायला हवं. मुलांचं असंच असतं.”

दाराची घंटा वाजली. वाइलने दार उघडलं. उस्ता मआती आत आले. नवा, इस्त्रीचा गलाबिया, दाढी ताजी, मनगटाला मुशब्बकच्या मिठाईचं खोकं दोरीने लटकवलेलं. वाइलने हात पुढे केला तेव्हा त्यांनी मनगटच पुढे केलं. हात ओला असला की माणसं करतात तसं. हात ओला नव्हता. नर्मीनने पाहिलं, आणि तिला कळलं, की हे आजचं नाही. कित्येक शुक्रवार ते खिशात किंवा पाठीमागे हात घेऊनच या घरात शिरत होते, आणि लमारला घ्यायला हात पुढे करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. पोरच येऊन त्यांचा अंगठा धरायची.

लमार आजीच्या मांडीवरून घसरली. अजून ती तोल सावरत चालायची, पण आज पळाली. एकदा पडली, उठली, आणि आजोबांच्या गलाबियाला मिठी मारून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आनंदाने ओरडली:

“किख्ख!”

स्वयंपाकघरात बदकाची चरबी तडतडत होती, तेवढाच आवाज. लमारने मान वर केली आणि पुन्हा म्हणाली, “किख्ख! किख्ख!” हात वर करून, उचल म्हणून.

“हे काय?” हाजा इज्लाल म्हणाल्या. “आजोबांना? अगं बाई, हे कोणी शिकवलं पोरीला?”

सासूबाईंनी प्रश्न नर्मीनकडे बघून विचारला नव्हता, पण चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, खोलीतले सगळे डोळे आपल्याच तोंडाकडे लागलेत. मी, असं एक अक्षर म्हणायचं होतं. फार तर दोन.

“मीच,” उस्ता मआती म्हणाले.

ते लेकीकडे बघत नव्हते. मिठाईचं खोकं मनगटावरून काढून त्यांनी तिपाईवर ठेवलं.

“कामावरून तडक यायचो ना मी, हाजा. म्हटलं, पोर हात तोंडात घालेल. मग मीच दाखवायचो, हे बघ, किख्ख, लांब हो. लांब व्हायची सोडून हिनं माझं नावच ठेवून दिलं.” ते हसले. “चूक माझी. पोरीपुढं काय बोलावं, हे म्हाताऱ्याला कळायला हवं होतं.”

वाइल मोकळेपणाने हसला. उस्ताज रशवानही हसले, पण बोट वर करून म्हणाले, “हे मोडायला हवं हं, उस्ता. आताच मोडायला हवं. उद्या चारचौघांत कसं दिसेल? गिद्दू म्हणायला शिकवा. मला म्हणते ती.”

“राहू द्या, उस्ताज,” उस्ता मआती म्हणाले. “गिद्दू काय, तिला दोन आहेत. किख्ख एकच आहे.”

यावर सगळेच खळखळून हसले. हाजा इज्लालनी डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं, इतक्या हसल्या. नर्मीनही हसली, सगळ्यांत आधी हसली, सगळ्यांत मोठ्याने. आणि हसता हसताच तिला दिसलं, की बाबांनी लमारला उचललं होतं, पण बोटं मुठीत दुमडून, नुसत्या मनगटांवर; पोरीच्या पांढऱ्या झग्याला कुठेही हात लागू न देता.

“मी बदक बघते,” असं म्हणून ती आत गेली.

ओट्याला धरून ती उभी राहिली. बघण्यासारखं काही नव्हतं. बदक झालं होतं. मागोमाग सासूबाई ताटं घ्यायला आल्या. त्यांनी फडताळातून ताटं काढली, एकावर एक ठेवली आणि क्षणभर थांबल्या.

“तुझे वडील भले माणूस आहेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “स्वतःच्याच हाताला किख्ख म्हणायला शिकवायचं आपल्या नातीला. काय वाटलं असेल गं त्या जिवाला? माझ्याच्यानं झालं नसतं.”

त्या मनापासून बोलत होत्या. इतक्या वर्षांत नर्मीनच्या वडिलांबद्दल त्या पहिल्यांदाच मनापासून काही बोलल्या होत्या, आणि तेही असं. आता सांगितलं तरी चाललं असतं. आत दुसरं कोणी नव्हतं.

“हो,” नर्मीन म्हणाली. “ते आहेतच तसे.”

सासूबाई ताटं घेऊन बाहेर गेल्या. नर्मीनने बदकाचा दोरा कापला, वाफ तोंडावर आली, तरी ती तिथेच वाकून राहिली. लाजेने माणूस जमिनीत जातो म्हणतात. ते खोटं आहे. ओट्यापाशी उभा राहतो आणि वाढायला घेतो.

बाहेर लमारला खेळ सापडला होता. ती त्यांच्या कडेवरून हाक मारत होती, आणि हाकेचं उत्तर येतं हे कळल्यावर पुन्हा पुन्हा मारत होती.

“किख्ख!”

“ओ.”

“किख्ख?”

“ओ, माझ्या जिवा. इथंच आहे.”